मेथीची जुडी आणि आतल्या ओळी

माय, गेल्या आठवड्यात बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणल्या आणि भाजी करायच्या आधी त्या वर्गात नेल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कम्प्युटर काय मेथी खाते काय वं?"

तू गेल्यावर मी हेच शिकले आणि आता मानोऱ्याला पोरींना शिकवते, यंत्राला काम सांगायची भाषा. तीत दहा-बारा ओळींचं काम एका नावाखाली बांधून ठेवतात. मग नुसतं नाव घेतलं की काम होतं, आत डोकवावं लागत नाही. तांड्यावरची एक पोरगी तिथंच अडून बसली. "मॅडम, आत काय होऊन राह्यलं ते समजल्याबिगर नाव कायले घेऊ? नाही जमत मले. मायबापासंगं ऊस तोडाले जाईन मी." ऊसतोडीची गाडी सोमवारी निघणार होती.

मला लहानपणची आपली विहीर दिसली. तू जुड्या बांधते आहेस, मी त्या सोडून काड्या पाहते आहे. गिऱ्हाईक काड्या मागत नाही, जुडी मागते, हे तू सतरांदा सांगितलंस. मी ऐकेन तर शपथ. शेवटी डाफरलीस, "जुडी सोडाची हौस हाये ना तुले? मंग होती तशी बांधूनबी ठेव!" पण जुडी हातातून काढून घेतली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मेथी वर्गात नेली आणि तेच मी तिला म्हटलं. तिनं मेथी सोडली, बांधली. मग त्या नावाच्या आतल्या ओळी उघडल्या, स्वतः लिहून काढल्या, त्यांना आपलं नाव दिलं. लगेच पुढचा प्रश्न: काही भाषांत कसं करायचं ते सांगतच नाहीत, नुसतं काय पाहिजे ते सांगतात, मग ते करते कोण? मला हसू आलं. बाबाला तू "मिरची भिजली पाह्यजे" एवढंच म्हणायचीस. मला मात्र कोणत्या वाफ्याचं तोंड कधी फोडायचं, कधी बुजवायचं, सगळं सांगायचीस. भिजायची तीच मिरची. कुणाला किती सांगायचं हे तू कसं ठरवायचीस गं? विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी गाडी गेली. पोरगी मावशीकडे राहिली. जीव भांड्यात पडला माझा.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. मी बांधलेल्या सैल जुड्या तू माझ्यामागून पुन्हा आवळायचीस, ते मला दिसायचं. काल तिच्या प्रोग्रॅममधली एक चुकलेली ओळ मीही तशीच गुपचूप नीट केली. उद्या ती उघडून पाहिल्याशिवाय राहणार नाही, माय. काय सांगू तिला?