चौथी उडी

प्रिय नेरेइदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "पपा, देवमासे उडी का मारतात? तुम्हाला काय वाटतं?" मी हसण्यावारी नेलं. ला पाझच्या विद्यापीठात देवमाशांवर शिकणाऱ्या पोरीला बापाने काय सांगायचं, म्हणालो. फोन ठेवला आणि कागद शोधायला लागलो.

आई तुझ्यासाठी सुक्या माशाची माचाका करतेय. फिदेन्सियोमामा आता काठी टेकत आपल्या अंगणापर्यंत येतो. कंबर मोडली तरी जीभ तशीच. "त्या बयेला माझ्याशीच नाचायचं होतं," असं त्या देवमाशाच्या मादीबद्दल आल्यागेल्याला सांगतो. सगळे हसतात. मी उठून आत जातो.

गेल्या फेब्रुवारीतला तो दिवस. उत्तरेचा वारा सुटला होता, खाडी फेसाळली होती. होडीत देवमासे बघायला आलेले तीन पाहुणे, पुढच्या टोकाला नाळेवर मामा. लांबवर एका मादीने उडी मारली, अख्खं अंग पाण्याबाहेर. मग दुसरी, तिसरी. मामा म्हणाला, "अंगावरच्या उवा झटकतेय बघ!" तुमच्या पुस्तकांत आणखी कारणं असतील: खेळ, ताकद दाखवणं. मी तीस वर्षं बघतोय. वारा असला की त्या जास्त उडतात. लाटांच्या गोंगाटात हाक पोचत नसावी. पाण्यावर अंग आपटल्याचा दणका पोचतो.

ती हाक मारत होती, पोरी. पिल्लू आमच्या बाजूला होतं, होडीला जवळजवळ टेकलेलं. मामा मादीकडे बघत होता, पण मी ते पाहिलं होतं. मागे फिरायला हवं होतं. पण पाहुणे ओरडत होते, "अजून जवळ!" आणि खरं सांगू, मलाही मिरवायचं होतं. मी होडी मायलेकरांच्या मधे घातली.

चौथ्या उडीला आमच्यावर सावली पडली. तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले दिसले, इतकी जवळ. ती हातभर अंतरावर कोसळली. होडी एका टोकावर उभी राहिली आणि मामा फळीवर आदळला. पाणी ओसरलं तेव्हा मायलेकरं निघून गेली होती. किनाऱ्यावर मी सगळ्यांना सांगितलं, "जनावर पिसाळलं होतं." कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून मी होडीत बसलेलो नाही. इंजिन बिघडलंय असं सगळ्यांना सांगतो, ते खोटं आहे.

तू सोमवारी येतेयस, महिनाभर उड्यांच्या नोंदी घ्यायला, आणि सुकाणूवर मी हवा म्हणतेस. मी हो म्हणालो होतो. ते जमणार नाही. डोळे मिटले की तू नाळेवर उभी दिसतेस. तू रामोनाकाकूच्या होडीतून जा. ती पाहुण्यांचं ऐकत नाही. पिल्लू कुठे आहे ते आधी बघ, मगच वही उघड. तुझ्या नोंदीत त्या दिवसाचं खरं कारण लिही, माझ्या नावासकट. पण ते मामाला माझ्याच तोंडून कळायला हवं. हे पत्र टाकून मी त्याच्याकडे निघालोय. चार घरं पलीकडे जायचंय, आणि पाय उचलत नाही.

तुझाच भित्रा बाप,
सिप्रियानो