बॅटरी डिकीत नेल्याची खरी हकिगत

पणदरे, ता. बारामती
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय दोस्त हैदरभाई,

मिरजेत लेकीच्या घरी निवांत बसलेल्या तुम्हाला पणदऱ्याहून रावजीचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. (दोन्ही अशासाठी, की एक वाटेत हरवला तर दुसरा तरी पोचावा.) तब्येत कशी आहे? कानातलं मशीन लावता, की अजून उशीखालीच ठेवता? शबीना, जावई, नातवंडं मजेत असतील. आमच्याकडं सगळं ठीक. पेरूला यंदा असा माल लागलाय की फांद्यांना टेकू द्यावे लागले. चंद्राबाईचा गुडघा दुखतो, पण जीभ शाबूत आहे.

फोन का केला नाही, असं विचाराल. तर आपला फोन म्हणजे मी एक वाक्य बोलणार, तुम्ही "काय?" म्हणणार, मग शबीना ते तुमच्या कानात ओरडणार आणि सगळ्या गल्लीला पणदऱ्याची खबर कळणार. हा मजकूर तसा ओरडण्यातला नाही. विषय आमच्या मारुतीच्या बॅटरीचा आहे. आधीच सांगून टाकतो, माणसं सुखरूप आहेत, गाडीही आहे. आता टेकून बसा आणि वाचा.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं माझ्या बॅटरीनं मान टाकली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही टाकली होती. यंदा नवी बसवायला बॉनेट उघडलं, तर बॅटरीखालचा पत्रा ॲसिडनं खाऊन चाळणी झालेला. त्यात मी आणि चंद्राबाई पुढं बसलो की आमच्या दोघांच्या वजनानं गाडी नाक टेकून चालते, हे तुम्हीच एकदा सगळ्या चहावाल्यांसमोर म्हणाला होता. (मी विसरलेलो नाही.) तशात मोबाईलवर एक गोरा माणूस दिसला, त्यानं बॅटरी सरळ पुढून उचलून डिकीत नेली. धग लागत नाही, गाडीचा तोल सुधारतो, पुढं जागा होते. भाषा कळली नाही, पण हातवारे कळले. म्हटलं, आपल्याला काय अवघड आहे? तीस वर्षं हैदर ऑटो इलेक्ट्रिकच्या दारात स्टुलावर बसून तुमचं काम बघितलंय. एवढं बघितल्यावर माणूस अर्धा मिस्त्री होतोच. (कुठला अर्धा, ते पुढं येईलच.)

मग मी कामाला लागलो. विहिरीच्या मोटारीची केबल उरली होती, ती घेतली. सीटामागच्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडलं, त्यातून केबल ओवली आणि पायपुसण्याखालून पुढं नेली. बॅटरी टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसवली आणि क्रेट सुतळीनं बांधला. गाठ अशी मारली होती की बैलसुद्धा सुटला नसता. चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू! चंद्राबाई अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघतीया. हैदरभावजींना इचारलं का?" मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, "तुमाला तरी कुठं येतंय."

दुसऱ्या दिवशी इंदापूरला माझ्या पुतणीचा, वृषालीचा साखरपुडा होता. तिच्यासाठी घेतलेली हिरवी साडी चंद्राबाईनं डिकीत ठेवली, क्रेटला टेकून. भवानीनगरपर्यंत गाडी अशी पळाली की मी गाणं म्हणायला लागलो. लासुर्ण्याच्या पुढं एक गतिरोधक आला. तो मला दिसला, पण जरा उशिरा. मागं धप्पकन आवाज झाला.

"आवं, धूर येतोय," चंद्राबाई म्हणाली.

"पुढच्या ट्रॅक्टरचा असंल."

"ट्रॅक्टर पुढं हाय, धूर मागं हाय."

आरशात बघितलं तर मागची सीट दिसेना. हैदरभाई, खरं सांगतो, पेट्रोलची टाकी तिथंच खाली, हे तीस वर्षांच्या स्टुलावर एकदाही डोक्यात आलं नव्हतं. गाडी कडेला घेतली, चंद्राबाईला उतरवलं आणि ओरडलो. उसाच्या फडातून चार माणसं धावत आली. भली माणसं! एकजण म्हणाला, "आधी बॅटरी काढा!" आणि चौघांनी मिळून बॉनेट उघडलं. आत बॅटरी नाही. चौघं त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. एकजण म्हणाला, "पाव्हणं, तुमची बॅटरी चोरीला गेलीया." दुसरा म्हणाला, "मग गाडी हितवर आली कशी?" यावर त्यांचा वाद सुरू झाला. मी मागं बोट दाखवतोय, पण त्या गलक्यात माझं कुणी ऐकेना, आणि ते समजले की मी पळून गेलेल्या चोराकडं बोट दाखवतोय. एकजण तिकडं पळालासुद्धा.

तेवढ्यात चंद्राबाईनं पदर खोचला, डिकी उघडली, कलंडलेल्या क्रेटमध्ये हात लांब करून बॅटरीची काळी वायर धरली आणि हिसकली. वायर हातात आली. धूर हळूहळू बसला. ती एवढ्या सहज कशी निघाली? तर निगेटिव्हचा नट मी नुसता बोटानं फिरवला होता, पान्यानं आवळायचा विसरलो होतो. माझ्या सगळ्या कामात जे काम मी नीट केलं नव्हतं, त्यानंच आमचा जीव वाचवला. ती वायर घेऊन रस्त्याकडेला बसली. मीही शेजारी बसलो. म्हटलं, चुकलं माझं. (आमच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं.)

पुढचं थोडक्यात. एका पिकअपवाल्यानं आम्हाला इंदापूरला पोचवलं. साडी उलगडली तर पदराला ॲसिडची सात-आठ भोकं. चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वृषाली गुणाची पोरगी. म्हणाली, "काकी, तुमी दोघं आलात न्हवं? बास." तिनं पदर असा चापून चोपून घेतला की एकही भोक दिसलं नाही, आणि तीच साडी नेसून पाटावर बसली. सासरच्या बायकांनी साडीचं कौतुक केलं. मी तेवढा वेळ ताटातल्या जिलबीकडं बघत होतो.

गाडी मात्र ट्रॅक्टरला बांधून बारामतीला आणली, थेट तुमच्या दुकानासमोर. दुसरीकडं कुठं नेणार? तुम्ही मिरजेला गेल्यापासून वर्षभर शटर बंद, पण किल्ली माझ्याकडंच होती. शटर वर केलं, आणि बंद दुकानाचा तो वास आला, ग्रीसचा आणि जुन्या वायरींचा. मग तुमच्या धाकट्या लेकीला, नसरीनला फोन केला. म्हटलं, लोणी देवकरच्या कंपनीत पॅनेलच्या वायरिंगवर आहे, निदान जळालेलं काय आहे ते तरी सांगेल. पोरगी अर्ध्या तासात आली. सीट उचलली, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. (हुबेहूब तुम्ही.)

"काका, फ्यूज कुठाय?"

"घरात हाय की, मीटरजवळ."

"गाडीतला इचारतीया."

गाडीतला नव्हताच. मग तिनं मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं. तीस वर्षांत तुम्ही सांगितलं नव्हतं. (म्हणजे सांगितलंही असेल, पण तेव्हा चहा आलेला असायचा.) बॅटरी डिकीत नेली की तिची वायर गाडीभर लांब होते. ती पत्र्याच्या धारेवर घासली की वरचं रबर कापतं, तांबं पत्र्याला टेकतं आणि बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका ठिकाणी ओतते. म्हणून फ्यूज पाहिजे आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. पुढं इंजिनाजवळ लावून काय उपयोग? मधली सगळी वायर उघडीच की. आणि बॅटरी चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो. आमच्या गाडीची डिकी म्हणजे बसायच्या जागेचाच मागचा कोपरा. तो वायू आत कोंडला आणि ठिणगी पडली, तर साखरपुडा राहिला असता बाजूला.

दोन दिवस ती राबली. पाणी न लागणारी बंद बॅटरी आणली. तिला झाकणाची पेटी केली, पेटी गाडीच्या तळाला आरपार बोल्टांनी आवळली, आणि पेटीतून एक नळी खाली बाहेर सोडली. जाड तांब्याची केबल पाइपात घालून पेट्रोलच्या नळीच्या विरुद्ध बाजूनं नेली. प्रत्येक भोकाला रबराची कडी बसवली. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा लख्ख केला आणि मगच बोल्ट लावला. डिकीत करंट तोडायचा खटका बसवला, आणि बॉनेटच्या आत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: बॅटरी मागे आहे. शेवटी तिनं पेटी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. सगळी गाडी हलली, पेटी हलली नाही. मग बारामती ते लासुर्णे आणि परत, आम्ही एकही गतिरोधक सोडला नाही. चंद्राबाई मागं बसून नाकानं हुंगत होती. घरी येऊन म्हणाली, "आता गाडी हाय म्हणावं."

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. शटर उघडं दिसलं म्हणून त्या दोन दिवसांत माणसं यायला लागली. कुणाच्या ट्रॅक्टरचा दिवा मंद, कुणाच्या पिकअपचा हॉर्न मुका. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "हैदरभाई आलं का?" नसरीन मान वर न करता म्हणायची, "न्हाय आलं. काम सांगा." पहिला माणूस जरा घुटमळला. दुसऱ्यानं काम सांगितलं. तिसरा दुसऱ्याचं काम झालेलं बघून आला. माझं स्टूल मला परत मिळालं, हैदरभाई. वर्षभर मी बाजारात भाजी टाकून सरळ घरी जात होतो, आता पुन्हा थांबायला जागा झाली.

असो. पत्र लांबलं. बॅटरी चांगली आहे, एवढंच कळवायचं होतं. शबीनाला आशीर्वाद, नातवंडांना पापा.

तुमचा,
रावजी

ता. क. दुकान बघायला तुम्ही मोबाईल-कव्हरवाला पाठवला होता, तो येऊन गेला. मी त्याला सांगितलं की छत गळतं, घुशी फार आहेत, आणि मागं पिठाची गिरणी दिवसभर चालते. गिरणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला नव्हतं.

ता. ता. क. नसरीनचं कंपनीतलं कंत्राट दोन महिन्यांपूर्वी संपलं. अब्बांना सांगणार नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलंय. मी शब्द पाळतो, एक अक्षर बोललेलो नाही, फक्त लिहितोय. त्या दोन दिवसांनंतर शटर बंद झालेलंच नाही. आज तिसरा आठवडा. दुकान विकू नका. सोबत कागद जोडलाय, त्यावर सही करून पाठवा. वीजजोडणी तिच्या नावावर करायची आहे.

(पुढचं अक्षर वेगळं आहे.)

भावजी, मी चंद्राबाई. हे आंघोळीला गेल्यात तवर लिहितीया. पोरगी काम लई चांगलं करती, पण काल एका जुन्या ट्रॅक्टरच्या डायनामोला अडली. दिसभर खोलून बसली, कुणाला इचारंना. सही पाठवू नका, सोताच या. कानाला ऐकू येत न्हाय म्हणून काय झालं, हातानं दाखवाया कान लागत न्हाईत. बेस्तरवारी आमी गाडी घिऊन न्यायला येतोय. पिशवी भरून ठिवा.