निघून राहिलं

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि आज तर तो डोक्यातच गेलाय.

स्टील प्लांटच्या मरोदा वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरचं मागचं अंगण. आई काळ्या कुड्याची पानं खोबरेल तेलात बुडवून बाटली उन्हात ठेवते, तेल जांभळं होतं, आणि कोक ओव्हनच्या भट्टीवरची ड्युटी करून आलेले तुम्ही कोपरांवरच्या खपल्यांना ते चोळता. सोरायसिस थोडा दबलाही होता, नाही म्हणत नाही मी. मग एकदा सगळं अंग लाल झालं, चिघळलं, पाणी सुटलं. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तुम्ही खाटेवरूनच खेकसलात, "तुले काय समजते? रोग बाहेर निघून राहिला. झाडपाला आहे तो, त्यानं कायचं नुकसान होते?" तापानं फणफणलात तरी तेच. आई पाया पडली तरी तेच. निघून राहिलं म्हणे! शेवटी निघून कोण गेलं, बाबा? शाळेत जाणारी पोर होती घरात, तिचा तरी विचार करायचा होता.

त्याच चिडीनं मी औषधांचं शिक्षण घेतलं. आता त्याच पानांमधला दाह कमी करणारा अंश आम्ही वेगळा काढतो, त्याचं मलम करतो आणि चाचणीला तयार झालेल्या रुग्णांना लावून बघतो. उमेदीची सगळी वर्षं घातली मी त्यात. आज त्यातलेच एक क्रेन ऑपरेटर तपासणीला आले. भंडाऱ्याकडचे, आपल्याच बोलीचे. एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट! बाही वर करायला लावली तर हात लालभडक, फोडांनी भरलेला.

"सांगितलं कावून नाही?" मी ओरडले.

ते मलाच समजावतात, "घाबरू नका ना मॅडम. निघून राहिलं ते."

अशी काही बरसले मी त्यांच्यावर की बाहेरची सिस्टर धावत आत आली. बिचारे मान खाली घालून बसले. ती सगळी बोलणी तुमची होती, बाबा, त्यांना फुकटची बसली. त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं, मलम बंद केलं, बाकीच्यांनाही थांबा म्हणून कळवलं. आता हे काम पुढे जातं की इथेच बसतं, देव जाणे.

पण एक सांगू? त्यांची बाही वर गेली ना, तेव्हा ओरडण्याआधी क्षणभर माझ्याही मनात आलं होतं, निघून राहिलं असेल. हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही वाचणार नाही.