ज्यानं मैदान वाळू दिलं

मुकुंदवाडी,
धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय बद्री,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर. आधी भांडण आहे. फोनवर भांडले असते, पण फोनवर तू नुसता "हां आई, हां आई" करतोस आणि मध्येच कुणाला तरी माती कुठं टाकायची ते सांगत बसतोस. कागदाला मध्येच हां म्हणता येत नाही. म्हणून लिहिते. बसून वाच आणि पुरतं वाच.

तू पाठवलेली स्मरणिका मिळाली. छापायला जाण्याआधी आईनं एकदा नजर घालावी म्हणून पाठवलीस, ते बरं केलंस. घातली नजर. बोट ठेवून, तीनदा. सातव्या पानावर तुझ्या आबांचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'कै. पुंजाराम यांनी बहात्तरच्या दुष्काळातही अहोरात्र पाणी देऊन हे मैदान हिरवेगार राखले.' हेच वाक्य काळ्या दगडावर कोरून मैदानात बसवणार, पाडव्याला गोल्फ पुन्हा सुरू होणार आणि दगडावरचा पडदा मी ओढायचा, असं तुझ्या चिठ्ठीत आहे. बद्री, ते वाक्य खोटं आहे. थोडंथोडकं नाही, पार उलटं. तुझ्या आबांनी ते मैदान वाळू दिलं. समजून उमजून, स्वतःच्या डोळ्यांसमोर. भोकाभोवती जे बारीक गवत असतं, ज्याला तुम्ही ग्रीन म्हणता, ते नऊच्या नऊ वाळू दिले. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं काम ते, आणि तू दगडावर त्याच्या बरोब्बर उलटं कोरायला निघालास. तो दगड बसणार असेल तर मी येणार नाही. गाडी पाठवू नकोस, रिकामी परत जाईल.

तुला हे कुणी सांगितलं? कुणी नाही. क्लबच्या तात्यासाहेबांनी भाषणासाठी एक गोष्ट मागितली आणि तू जुळवून दिलीस, एवढंच. तुझी चूक अर्धी आहे, हेही मला कळतं. दुष्काळात तू नऊ वर्षांचा होतास. तुला आठवतात ते आबा हातात लांब बांबू घेऊन सकाळी गवतावरचं दव झाडणारे, गुडघ्यावर बसून लव्हाळा उपटणारे. ते आधीचं आहे. नोकरी गेली तेव्हा तू विचारलंस आणि मी तुला सांगितलं, आबांना कंटाळा आला. मी सांगितलं. म्हणजे उरलेली अर्धी चूक माझी. पण माणूस पन्नास वर्षांचा झाला, पुण्यात त्याची गवताची कंपनी झाली, बापाचं मैदान दुरुस्त करायचं काम त्यालाच मिळालं, तर त्यानं बापाबद्दल दगडावर कोरण्याआधी एक फोन तरी करावा. तू फोन केलास तो फोटो मागायला.

इथं यंदा काय चाललंय ते तुला माहीत नाही असं मी म्हणणार नाही, कारण तू महिनाभर त्याच मैदानावर उभा होतास. नळ पाचव्या दिवशी येतो, परवा सहाव्यालाही आला नाही. टँकर आला की बाया हंडे घेऊन धावतात आणि गल्लीत रोज नवी भांडणं लागतात. भिंतीपलीकडं तुझे ते जमिनीतून मान वर काढणारे फवारे फिरतात. तू जुन्या विहिरीतून चाळीस ट्रॉल्या गाळ काढलास, पाणी लागलं म्हणून मला पेढे पाठवलेस. सतरंजीसारख्या गुंडाळ्या करून गवत आणलंस, पसरलंस आणि त्याला पाणी पाजतोस. आणि मागचं लोखंडी फाटक काढून तिथं दगडी भिंत घातलीस, जनावरं शिरतात म्हणून. परवा सरूबाई रिकामा हंडा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. माझ्याच वयाची, त्याच विहिरीचं पाणी पिऊन जगलेली. मला म्हणाली, "काय गं आवडे, तुझा मालक माणसाला पाणी पाजत होता, तुझा ल्योक गवताला पाजितोय. लई शिकला बाई!" मी तिला चहा केला. तिनं अर्धा कप घेतला आणि म्हणाली, "राहू दे, पाणी महागाचं हाय." तिला काय उत्तर देऊ ते तूच लिहून कळव.

आणि ते मैदान पहिल्यांदा तूच जिवंत करतोयस असंही समजू नकोस. स्मरणिकेत तसं लिहिलंय. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा निजामाचे साहेब रातोरात निघून गेले, दोन वर्षं तिथं कुणी फिरकलं नाही. कुसळ आणि तरवड कमरेएवढा वाढला, लोकांनी शेळ्या सोडल्या. मग नवे साहेब आले आणि त्यांनाही चेंडू भोकात घालायचाच होता. साहेब बदलतात, भोकं तीच राहतात. तुझे आबा तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांनी आणि इलियासभाईंनी सगळं रान विळ्यानं साफ केलं, खुरप्यानं भोकं शोधून काढली. इलियासभाई पुढं विहिरीवरचं इंजिन चालवायचे, आबा गवत बघायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "तुला सवत हाय बरं का, हिरवी." खरंच होतं. हा माणूस जेवताना हात धुवायला उठला तरी आभाळाकडं बघायचा.

म्हणून सांगते, ज्यानं ते वाळू दिलं त्याला ते वाळताना काय झालं असेल ते तुला गवताचा माणूस म्हणून तरी कळायला हवं.

बहात्तर साली मुकुंदवाडीतल्या सगळ्या विहिरींचा तळ दिसला. आम्ही बाया दुष्काळी कामावर खडी फोडायचो, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खायचो, आणि दोन कोसांवरून पाणी आणायचो. गोल्फच्या विहिरीला मात्र पाणी होतं. क्लबचा हुकूम होता की ते फक्त ग्रीनसाठी. एक दिवस सरूबाईची थोरली पोर हंडा डोक्यावर घेऊन मैदानाच्या मागच्या फाटकापाशी घेरी येऊन पडली. आबांनी तिला आत नेलं, हौदातलं पाणी पाजलं, हंडा भरून दिला. दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या. आठवड्यात साठ. दुपारी बारा ते तीन साहेब लोक झोपतात, तेवढ्या वेळात. इलियासभाई इंजिन चालवून हौद भरायचे आणि आबा फाटकाशी उभे राहून एकेक आत सोडायचे. एका बाईला दोन हंडे, बाळंतीण घरात असेल तर तीन. इलियासभाई म्हणायचे, "पुंजाराम, साब को मालूम पड्या ना, तो अपन दोनों बी घर कू." आणि पुन्हा इंजिनाला हँडल मारायचे. विहिरीत माणसांपुरतंच पाणी होतं. गवताला उरत नव्हतं. आधी लांबचे ग्रीन पिवळे पडले, मग जवळचे. एकदा मूठभर वाळलेलं गवत आबांच्या खिशात निघालं. मी सदरा धुवायला घेतला तेव्हा.

मी तेव्हा त्यांच्याशी भांडले, हेही लिहिते. मी म्हटलं, तुम्हाला लेकरू हाय, सरकारी नसली तरी महिन्याची नोकरी हाय, गावाचा मक्ता तुम्ही कशाला घेता? ते म्हणाले, "आवडा, तू बी त्याच हौदाचं पाणी पितीस ना?" मी म्हटलं, मी माळ्याची बायको हाय, माझं निराळं. त्यावर ते हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही.

क्लबच्या सेक्रेटरीनं विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं, विहीर आटली साहेब. जन्मात एवढं एकच खोटं बोलले असतील. सेक्रेटरीला ते पटलं नाही. इंजिन तर रोज चालतंय, डिझेल संपतंय, आणि गवत वाळतंय. मग त्यानं हिशेब लावला की माळी डिझेल विकतो. तसं चारचौघांत म्हणाला. पुढं पंधरा दिवसांत आबांना कामावरून काढलं, फाटकाला कुलूप लागलं. इलियासभाईंना ठेवलं, कारण आबांनी सांगितलं की इंजिन माझ्या सांगण्यावरून चालत होतं. घरी आले, पेटीत एक कागद ठेवला आणि म्हणाले, "काम सुटलं. उद्यापासून येतो तुझ्याबरोबर खडीवर." पाऊस झाला, दुष्काळ सरला, तरी ते खडीवरच राहिले, मग क्रशरवर. ती धूळ छातीत बसली. चार वर्षांत गेले. त्रेचाळीसचं वय ते. मधल्या काळात एकदा मी म्हटलं, साहेबाला कुणी चहाडी केली असंल हो? तर म्हणाले, "जाऊ दे. इहीर काय लपती व्हय?"

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते.

तू चौथीत होतास, मोठ्यानं वाचायचास आणि मी भाकरी करता करता ऐकायचे. तुझ्या पुस्तकावरूनच मी अक्षरं ओळखायला लागले. तू पाचवीत गेलास की चौथीचं पुस्तक माझं. तुला वाटायचं आई चित्रं बघते. आबा गेल्यावर तेराव्यानंतर मी पेटी उघडली. पुस्तकाबाहेरचा, माझा मी वाचलेला पहिला कागद तो होता. मराठीत टाइप केलेला. सकाळी सुरू केला आणि दुपारी संपला, एवढा वेळ लागला. त्यात असं आहे: 'आपल्या पत्नीने समक्ष दिलेल्या जबाबावरून, क्लबच्या विहिरीचे पाणी आपण परवानगीशिवाय बाहेरील लोकांस दिल्याचे व त्यामुळे सर्व ग्रीन वाळल्याचे सिद्ध झाले असून आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.'

पत्नी म्हणजे मी, बद्री. नवऱ्याला डिझेलचोर म्हटलेलं मला सहन झालं नाही. त्यांना न सांगता मी सेक्रेटरीच्या बंगल्यावर गेले. त्याच्या बायकोनं मला काचेच्या पेल्यात गार पाणी दिलं. मी म्हटलं, साहेब, त्यांनी थेंबभर तेल विकलं नाही, ते इंजिन लावून हौद भरतात आणि बायांना पाणी देतात, हे पुण्याचं काम आहे, चोरीचं नाही. साहेब गोड बोलला. बरं झालं सांगितलंत बाई, लिहून घेऊ, म्हणजे तुमच्या मालकावरचा आळ जाईल. कारकुनानं लिहिलं. मला वाटलं अर्ज आहे. मी अंगठा दिला आणि हात जोडून घरी आले. त्यांना काढलं तेव्हा मी समजले, साहेबानं अर्ज मानला नाही. डिझेलचा आळ गेला खरा. आबांना तो कागद वाचून दाखवलाच असणार, त्याशिवाय पोच म्हणून त्यांचा अंगठा घेतला नसता. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार वर्षं माझ्यासमोर बसून जेवले, माझ्याबरोबर खडी फोडली, आणि एका शब्दानं बोलले नाहीत. मी "चहाडी कुणी केली" म्हणून विचारलं, तेव्हाही नाही. ते बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता तर मला आज एवढा राग नसता. कुणाचा राग ते विचारू नकोस. सगळ्यांचाच आहे. तुझा, तात्यासाहेबांचा, त्या कारकुनाचा, आबांचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या अंगठ्याचा.

हे पत्र त्या कागदासाठी आहे. अस्सल सोबत जोडलाय, घडीवर फाटलाय, जपून उघड. पंचाहत्तरीला आले, मी मेल्यावर पेटीत तुला तो सापडावा आणि तू त्याच्यावर एकटा बसून विचार करावास, हे मला नको होतं. माझ्याकडूनच कळायला हवं. आता तुझा दगड. त्यावर तुझं वाक्य नको आणि माझंही नको. क्लबनंच आबांना जे लेखी दिलंय ते कोर, त्यांच्या बाजूनं तेवढा एकच कागद आहे. एकही शब्द गाळू नकोस. 'आपल्या पत्नीने समक्ष दिलेल्या जबाबावरून' हेही कोर. तात्यासाहेबांना चालणार नसेल तर दगड ठेवू नका, आणि स्मरणिकेतलं सातवं पान फाडा. चालणार असेल तर पाडव्याला मी येते. सरूबाईला घेऊन येते. तुझ्या गाडीनं नाही, चालत, आणि मागच्या बाजूनं येणार आहे, तेव्हा त्या भिंतीचं काय करायचं ते तू बघ. पडदा मी ओढीन आणि जमलेल्या लोकांना दगड मीच वाचून दाखवीन. त्या वेळी मला वाचता येत नव्हतं.

आशीर्वाद उरलाय. घे.

तुझीच,
आई