गच्चीवर सावली नको

प्रिय ताई,

शाळेच्या पत्त्यावर पत्र आलेलं बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनवरच सांगितलं असतं. पण तुझा फोन तुझ्या हातात असतो की भाऊजींच्या, हे मला कधी नीट कळत नाही, आणि मेसेज तर तुझ्याआधी तेच वाचतात. मग आठवलं, शाळेत आलेलं टपाल शिपाई थेट तुझ्या वर्गात आणून देतो. माझं मराठी तुला माहीतच आहे. आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे झोपायची वेळ. तेव्हा जसं बोलतो तसं लिहितोय, लाल पेन लांब ठेव. आणि हे घरी नेऊ नकोस. वाचून झालं की तिथेच फाडून टाक.

आधी मोठी बातमी. आपल्या घरावर सोलर बसलं. खरंच बसलं, ताई. गच्चीवर निळेकाळे पॅनल चकाकतायत आणि दुपारी आपण वीज घेत नाही, उलट बाहेर देतो. फ्रीज, पंखे, आईचा मिक्सर, सगळं उन्हावर चालतंय. बाबा येताजाता जिन्याखालच्या इन्व्हर्टरसमोर उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि गेटवरून जाणाऱ्याला हाक मारून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, ऊन यांनीच पाडलंय. तेच हे बाबा, जे मी सोलरचा स उच्चारला की म्हणायचे, "आले सूर्याजी." खारी हवा सगळं खाऊन टाकेल, खिडकीचे गज बघ कसे झालेत. वारा एक दिवस सगळं उचलून समुद्रात टाकेल. लोक म्हणतील घर आहे की कारखाना. दरवेळी नवीन कारण. मी ब्रॅकेट गंजू नयेत म्हणून काय वापरतात ते चित्र काढून दाखवायचो आणि ते पेपर उलगडून तोंडासमोर धरायचे. तू असलीस की माझ्या बाजूने भांडायचीस. लहानपणी मी भिंगाने बाबांच्या वाळत घातलेल्या शर्टाला भोक पाडलं, तेव्हाही तू पुढे झालीस आणि माझ्या वाटणीचा मार तूच खाल्लास. नंतर गाल चोळत मला विचारलंस, धूर किती वेळाने आला रे. मला सायन्सचा नाद तिथूनच लागला असं मी इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं होतं, गालाचा भाग सोडून.

तर, एका रविवारी बाबा ओट्यावर बसून नखं कापत होते आणि मान वर न करता म्हणाले, तुमच्या कंपनीला सांग, बसवू या ते तुझं. मला वाटलं टिंगल चाललीय. पण नाही. मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे माझ्या बॉस. कडक आहेत, पण काम शिकवतात. त्या म्हणाल्या, तुझंच घर आहे तर सर्व्हे तूच कर. माझा पहिला स्वतःचा सर्व्हे. मी उडत होतो नुसता.

आणि त्याच आठवड्यात तू आईला फोन केला होतास. आता सहन होत नाही म्हणालीस. सुट्टी लागली की पिटुकलीला घेऊन येते, वर माझ्या खोलीत राहीन, इथल्या शाळेत नोकरी बघेन, तुमच्यावर भार टाकणार नाही. मी बाजूच्या खोलीत होतो, आईचा आवाज येत होता आणि तिच्या उत्तरांवरून मला बाकीचं कळत होतं. खरं सांगू, मला आनंद झाला. मागच्या वेळी तू आलीस ती या उन्हात मनगटापर्यंत बाह्या असलेला ड्रेस घालून. भांडी घासतानाही तू बाही वर केली नाहीस. सगळ्यांनी बघितलं. आई म्हणाली, रंग छान दिसतो तुला. मला तेव्हा कसंसंच झालं होतं. म्हणून वाटलं, चला, ताई येतेय, सोलर येतंय, या घरात काहीतरी बरं घडायला लागलंय. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात का घडल्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

सर्व्हे कसा करतात सांगतो, तुला आवडेल. पॅनल ओळीने एकमेकांना जोडलेले असतात आणि एकावर जरी सावली पडली तरी अख्खी ओळ ढेपाळते. म्हणून आधी सावली कुठे कुठे फिरते ते बघायचं. अ‍ॅपवर दिसतं, पण मॅडम म्हणतात अ‍ॅपवर विसंबू नका, खडू घ्या. मी सकाळपासून गच्चीवर खडू घेऊन सावलीच्या कडा आखत बसलो. तळवे पोळत होते, चप्पल चिकटत होती. गच्चीवर सावली पाडणारी वस्तू एकच. तुझी खोली. तिची सावली आधी समुद्राच्या बाजूला पसरली, मग आखडत भिंतीशी आली, मग संध्याकाळी दुसऱ्या अंगाला लांब होत गेली. दिवस संपला तेव्हा सगळ्या फरशीवर खडूच्या रेघांचा मोठा पंखा उघडल्यासारखा दिसत होता. मी बाबांना मुद्दाम वर बोलावलं, केवढ्या अभिमानाने. त्यांनी रेघांवरून एक चक्कर मारली, खोलीच्या दाराला हात लावला आणि म्हणाले, म्हणजे अडचण हिची आहे.

मी म्हटलं, अडचण वगैरे काही नाही. मॅडमनी फोटो बघून लगेच उपाय काढला होता. पॅनल खोलीच्या डोक्यावरच चढवायचे. तिथे कशाचीच सावली नाही. वीज तेवढीच मिळेल, आणि पॅनलमुळे खालची खोली थंड राहील. मी बाबांना म्हटलंसुद्धा, ताई आणि पिटुकली राहणार तर त्यांनाही बरं, वर नुसती भट्टी असते. मॅडम स्वतः घरी आल्या, छत ठोकून बघितलं, म्हणाल्या बांधकाम चांगलं आहे, आरामात पेलेल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मॅडमना दारापर्यंत सोडलं. मग आत येऊन मला म्हणाले, "खोली ठेवायची असेल तर मला सोलरच नको."

आणि ताई, मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. मला पॅनल हवे होते. मी म्हटलं, बरं.

गवंडी आला तो पण बिचकला. एवढी धड खोली, कुठे तडा नाही, पाडायची कशाला, भाड्याने द्या हवं तर. बाबा म्हणाले, पाड. तुझी कॉट शेजारच्या शिलाईवाल्या मावशी घेऊन गेल्या, त्यांच्या दुकानात आता तिच्यावर कपड्यांचे ढीग असतात. पुस्तकं आईने रद्दीत घातली. मी त्यातलं तुझं भूमितीचं काढून घ्यायला गेलो तर म्हणाली, आता कोण वाचणार आहे ते. तुझा पिवळा पडदा तिने इन्व्हर्टर झाकायला घेतला. मी म्हटलं, तो झाकायचा नसतो, गरम होतो. मग त्याचं पायपुसणं झालं. भिंत पाडताना तू पेन्सिलने लिहिलेली गणितं दिसत होती, प्लास्टरच्या तुकड्यांवर, अर्धी अर्धी. गवंड्याच्या माणसांनी पाट्या भरभरून ती खाली नेली.

मग पॅनल चढले आणि खोटं कशाला बोलू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता. प्रत्येक नटाला मी स्वतः पाना लावला. मॅडमनी तारा ओढून बघितल्या आणि पहिल्यांदाच काही चूक काढली नाही.

सुरू करायच्या दिवशी भाऊजी आले होते. तुला ठाऊक नसणार. तुला ते कामासाठी बाहेरगावी चाललोय असं सांगून निघाले असतील. आईने त्यांच्यासाठी चांगल्या कपबश्या काढल्या. बाबांनी मला बाजूला सारून स्विच त्यांच्या हातून दाबून घेतला, म्हणाले, जावईबापूंच्या हातून होऊ दे. नंतर आम्ही वर गेलो. भाऊजी फार गोड वागले, ताई. पाठीवर हात ठेवून सगळं विचारत होते. तारा कुठून जातात, पाऊस लागला तर काय, धुवायचे कसे. माझ्या कामाबद्दल इतका वेळ आपल्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मी सुटलोच. मग तुझी खोली होती त्याच जागी उभे राहून त्यांनी विचारलं, म्हणजे इथे आता परत काही बांधता येणार नाही?

मी म्हटलं, "छे, पॅनलची गॅरंटी पंचवीस वर्षांची आहे. पंचवीस वर्षं इथे सावली पडता कामा नये."

भाऊजींनी बाबांकडे बघितलं. बाबा समुद्राकडे बघत होते. भाऊजी म्हणाले, "चला, काळजी मिटली."

त्यांच्यापुढे चहाचा कप धरून मी उभा होतो. कप घेताना ते माझ्याकडे बघून हसले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख झालं. एवढं शिकून, एवढा सर्व्हे करून, सावली कुणाची कुणावर पडतेय ते मला दिसलं नाही, आणि त्या माणसाला मी ते स्वतःच्या तोंडाने पाठ करून दाखवलं. जिना उतरताना ते बाबांना विचारत होते, ती नक्की कुठल्या दिवशी निघतेय. आणि बाबांनी सांगितलं. बसची वेळसुद्धा सांगितली.

ते गेल्यावर मी आईला गाठलं. ती कपबश्या पुसून परत कपाटात लावत होती. म्हटलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, "जागा असती तर कोण नाही म्हणालं असतं?" इतकं सरळ, अडखळणं नाही की काही नाही. बायकांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते. मी म्हटलं खाली माझी खोली आहे, ती ताईला द्या, मी हॉलमध्ये झोपेन. ती म्हणाली, उद्या तुझं लग्न व्हायचंय, घरात नवऱ्याला सोडून आलेली बहीण बसलेली बघून कोण मुलगी देणार तुला. मी परत तो विषय काढला नाही. त्या रात्री जेवलो, झोपलो, सकाळी उठून पॅनल पुसले.

आता हे पत्र का, ते. काल बाबांनीच मला बोलावून सांगितलं, तुझं ती ऐकते, तू लिही तिला. काय लिहायचं तेही सांगितलं. गच्चीवर आता जागा नाही. तूर्त तिथेच जमवून घे. येऊ नकोस. मी हो म्हटलं आणि आज दुपारी कागद घेऊन बसलो. ताई, येऊ नकोस. सुट्टीच्या पहिल्या दिवशी तू बसमधून उतरशील तेव्हा स्टँडवर बाबा उभे असतील आणि त्यांच्या शेजारी भाऊजी. तुला घरापर्यंतही आणणार नाहीत, तिथूनच परत पाठवतील, पिटुकलीला आधी गाडीत बसवून, म्हणजे तू आपोआप बसशील. त्यांचं हे ठरलंय, मी ऐकलंय. त्याआधीच निघ. शाळेतूनच निघ, घरी बॅग भरायला जाऊ नकोस. तुझी ती होस्टेलची मैत्रीण आहे, तिच्याकडे जा, आणखी कुठे जा, मला कुठे ते कळवू नकोस, मला विचारलं तर मी किती वेळ गप्प राहीन सांगता येत नाही. मी घ्यायला येतो असं मघाशी लिहिलं होतं, वर बघ, खोडलेलं दिसेल. मी येणार नाही. मला या घरात राहायचंय आणि माझं काम इथे आहे. म्हणजे फिरून फिरून बाबांनी सांगितलं तेच लिहून झालं. आत्ता ते दारात डोकावून गेले. विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, येऊ नकोस म्हणून. ते म्हणाले, "शाबास." सोलर सुरू झालं तेव्हासुद्धा म्हणाले नव्हते.

तुझाच,
बारक्या