न्यायाधीश न उरल्यामुळे नापास ठरलेल्या वर्गाची फेरपरीक्षा घेणेबाबत

प्रति,
मा. श्री. कुबात तिनालिएव,
प्रमुख, सायंवर्ग परीक्षा कार्यालय,
नारिन.

विषय : 'कायद्याची इंग्रजी' या वर्गाची तोंडी परीक्षा महिनाअखेरीच्या आत पुन्हा घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'खटल्याचा निकाल न दिल्याने सर्व उमेदवार अनुत्तीर्ण' हे एका ओळीचे पत्र.

महोदय,

१. मी, कालबुबू शामेनोवा, राहणार तोर-बुलाक, भूगोलाची निवृत्त शिक्षिका व गावातील नमदे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे गालिचे, शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाची चिटणीस, आपणास सादर कळवते की, आमचा वर्ग नापास झाला तो कायदा न कळल्यामुळे नव्हे, तर जरा जास्तच कळल्यामुळे. हे विधान उद्धटपणाचे वाटल्यास पुढील परिच्छेद वाचेपर्यंत राग राखून ठेवावा.

२. मला या वयात हे प्रमाणपत्र कशाला हवे, असे आपल्या मनात आले असेल. माझ्या यजमानांच्याही आले होते. आमचे नमदे विकत घेणारा परदेशी व्यापारी महिनाअखेरीस नवा करार घेऊन गावात येत आहे. मागचा करार इंग्रजीत होता आणि समजावून सांगणारा दुभाषी त्याचाच होता. आम्ही सगळ्याजणींनी चहा पिता पिता आनंदाने सह्या केल्या. पुढे वर्गात 'एक्सक्लूझिव्ह' हा शब्द शिकले तेव्हा घरी येऊन करार काढून पाहिला. माझ्या दिवंगत सासूबाईंनी स्वतःच्या डोक्याने काढलेली, शिंगात शिंग अडकवलेली नक्षी आम्ही आता त्या एका गिऱ्हाइकाखेरीज कुणालाही देऊ शकत नाही, असे त्यात लिहिले आहे. भाचीच्या लग्नात द्यायलासुद्धा नाही. मला फार वाईट वाटले. सासूबाईंचे आणि माझे कधी पटले नाही, पण त्यांच्या हाताला तोड नव्हती.

नव्या करारावर बोलायला आमच्यापैकी कुणी बसायचे तर त्याच्याकडे कायद्याच्या इंग्रजीचे प्रमाणपत्र असले पाहिजे, अशी व्यापाऱ्याची अट आहे. नसेल तर तो पुन्हा आपला दुभाषी आणणार. मंडळाने मला निवडले आहे. म्हणून हा अर्ज.

३. वर्गाविषयी. आमच्या शिक्षिका बेगायिम या वयाने लहान असल्या तरी शिकवण्यात कडक आहेत. करार म्हणजे काय, हे त्यांनी बाजारातल्या खरबुजावरून शिकवले. एकाने देऊ केले, दुसऱ्याने होकार दिला, आणि दोघांनीही हातातले काहीतरी सोडले, की झाला करार. नुसते 'देईन हो' म्हणण्याला कायद्यात किंमत नाही, हे ऐकून मिनीबस चालवणारे एर्मेक म्हणाले, "म्हणजे माझा मेव्हणा आयुष्यात एकदाही कायद्याच्या तावडीत सापडणार नाही."

परंतु सगळ्यांच्या मनावर बिंबला तो एकच धडा : ज्याचा दाव्यात हितसंबंध आहे किंवा जो कुणा पक्षाचा नातलग आहे, त्याने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, उठावे, नाते जाहीर करावे आणि बाजूला व्हावे. निवृत्त पशुवैद्य तुर्दुबाय आजोबा तर मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "बघा! म्हणजे गोरेही नातलगांचीच बाजू घेतात! आपण उगाच आपल्या लोकांना नावं ठेवत होतो."

४. परीक्षेच्या दिवशी आपल्या कार्यालयाने पाठवलेला नमुना खटला असा होता : वादीने प्रतिवादीकडून घोडी घेतली, ती लंगडी निघाली. एर्मेक वादी झाले, शाळेतल्या स्वयंपाकीण झूरा प्रतिवादी, आणि चिठ्ठीने न्यायाधीशपद तुर्दुबाय आजोबांकडे गेले. परीक्षक साहेब मागे बसून गुण लिहीत होते.

आता, महोदय, आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी त्याचे सात बाप, म्हणजे मागच्या सात पिढ्यांचे पूर्वज, विचारतात, मग हवापाणी. आजोबांनी न्यायासनावर बसताच सवयीने वादीला ती सात नावे विचारली. इंग्रजीत विचारली, हे नोंदवून ठेवावे. एर्मेक यांनी ती इंग्रजीतच घडाघडा म्हटली. चौथ्या नावाला आजोबांचा चेहरा उतरला. ते उभे राहिले, "वादीचा खापरपणजोबा तोच माझा पणजोबा," असे स्वच्छ उच्चारात जाहीर केले आणि छातीवर हात ठेवून खुर्चीतून उतरले. बेगायिम बाईंच्या डोळ्यांत अभिमानाने पाणी आले.

दुसऱ्या न्यायाधीश परिचारिका गुलायिम. त्यांची थोरली जाऊ प्रतिवादीची सख्खी मावसबहीण. उतरल्या.

तिसरी मी. माझे दोघांशीही रक्ताचे नाते नाही, त्यामुळे मी बरीच ऐटीत बसले. परंतु वादीने घोडीचे वर्णन सुरू केले : कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या कानाला चीर, पाणी दिसले की अडून बसते. ही घोडी मी ओळखते. ती माझ्या धाकट्या दिराने एर्मेक यांना खरोखरच विकली आहे. मी विचारले, "ही घोडी कागदावरची की आपली?" एर्मेक म्हणाले, "काकू, मला दुसरी कुठली घोडी ठाऊक आहे?" माझ्या घरच्या घोडीच्या तंगडीबद्दल मी निकाल कसा देणार? उतरले.

सरतेशेवटी सर्वांच्या नजरा वेरा पावलोव्हनांकडे वळल्या. त्या औषधांच्या दुकानातल्या, मूळच्या रशियन. त्यांचे सात बाप व्होल्गेच्या काठी पुरलेले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, प्रतिवादीकडे पाहिले आणि त्यांचा बांध फुटला. झूरा जन्मली त्या हिवाळ्यात घाट बंद होता, डॉक्टर पोचले नव्हते आणि तिची नाळ वेरा पावलोव्हनांनी कापली होती. आमच्यात नाळ कापणारी ही दुसरी आई. "मी तिच्याविरुद्ध निकाल देऊ? आणि तिच्या बाजूने दिला तर लोक काय म्हणतील?" असे म्हणून, तेही इंग्रजीत, त्या उतरल्या व झूराच्या गळ्यात पडल्या.

वर्गात आणखी माणूस उरला नाही. खुर्ची रिकामी राहिली. साहेबांनी निकाल लिहिला, तो आपल्याकडे आहेच.

५. यानंतर जे घडले ते सांगताना मला संकोच होतो, पण लपवणे कायद्यात बसत नाही. साहेबांसाठी मेंढा कापला होता आणि मानाच्या पाहुण्याला द्यायचे मुंडके त्यांच्यापुढे ठेवले होते. साहेबांनी सुरी उचलली, तोच तुर्दुबाय आजोबा ओरडले, "थांबा! निकालावर अजून सही व्हायची आहे. सहीआधी मुंडकं म्हणजे लाच!" आणि त्यांनी ताट उचलून नेले. आमच्या गावात पाहुण्यापुढचे ताट आजवर कुणी उचललेले नाही. साहेबांनी पाव आणि चहा घेतला. बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोके तोंडावर धरली. मी मात्र खोटे बोलणार नाही, मला हसू आवरेना.

पाव खाता खाता आजोबांनी साहेबांनाही सात बाप विचारले. सहाव्यावर माझ्या यजमानांचे घराणे लागले! मी तत्काळ हरकत घेतली की, उमेदवाराच्या नातलगाने दिलेले गुण रद्द समजावेत. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "काकू, आता मी पास करू शकत नाही आणि नापासही करू शकत नाही. वर अर्ज करा." तरीही निकालाचे पत्र आले, ते बहुधा कार्यालयाने सही नसलेल्या कागदावरूनच काढले असावे.

६. आमची एक चूक आम्हाला मान्य आहे. पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात 'नेसेसिटी' नावाचे तत्त्व आहे : जेव्हा प्रत्येक न्यायाधीश कुठे ना कुठे गुंतलेला असतो, तेव्हा न्याय थांबवायचा नसतो, आपले नाते जाहीर करून, आहे त्यानेच खुर्चीत बसून सचोटीने निकाल द्यायचा असतो. तो धडा आमचा राहून गेला. त्या संध्याकाळी उन्हाळी कुरणांवरून जनावरे खाली उतरत होती आणि वर्गात बेगायिम बाईंखेरीज कुणीही नव्हते. परीक्षेनंतर मी तो धडा वाचला आणि डोक्यावर हात मारून घेतला. हे तत्त्व आमच्यासारख्या गावासाठीच कुणीतरी लिहिलेले दिसते.

७. तरी विनंती की, व्यापारी येण्याआधी फेरपरीक्षा घ्यावी. खटला घोडीचाच असला तरी चालेल. तुर्दुबाय आजोबा नाते जाहीर करून बसतील आणि निकाल देतील, याची हमी मी घेते; निकाल त्यांनी तेव्हाच मनात तयार करून ठेवला होता असे ते आता सांगतात. मेंढा पुन्हा कापू. मुंडके निकालावर सही होईपर्यंत झाकून ठेवू.

मंडळातल्या बायका मला म्हणतात, "कालबुबू, प्रमाणपत्र आहे म्हणून सांग आणि बस जाऊन. तो कुठे तपासणार आहे?" ते जमेल असे मला वाटत नाही. खोटे सांगून टेबलाशी बसले, तर समोरच्याच्या खोटेपणावर बोट कुठल्या तोंडाने ठेवू? सासूबाईंची नक्षी मला परत हवी आहे, पण सरळ मार्गाने.

८. शेवटची बाब नाइलाजाने लिहीत आहे. अर्ज कुणाच्या हाती पडणार याची आजोबांनी चौकशी केली. आपल्या सात बापांतले सहावे आणि माझ्या यजमानांच्या सात बापांतले सहावे हे एकच गृहस्थ निघाले. आपण यजमानांहून वयाने लहान, म्हणजे नात्याने माझे दीर. सासरच्या माणसाचे नाव सुनेने घेऊ नये हे मी जाणते. पण 'प्रति' खाली ते लिहून झाल्यावर नाते कळले, आणि खाडाखोड केली तर अर्ज बाद होतो. म्हणून तसेच राहू दिले आहे, राग नसावा.

नाते मी जाहीर केले आहे. आपल्याखेरीज निर्णय घेणारे दुसरे कुणी नाही, तेव्हा सहाव्या परिच्छेदातल्या तत्त्वाने आपणच बसावे आणि जे योग्य वाटेल ते लिहावे. नारिनला येऊन, आपल्या चुलीपाशी बसून, वहिनी म्हणून मागितले असते तर आपल्याला नाही म्हणता आले नसते. ते मला माहीत आहे. म्हणूनच आले नाही, अर्ज लिहिला.

नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक देऊन,

आपली अर्जदार,
(सही)
कालबुबू शामेनोवा
तोर-बुलाक, दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
(१) नमुना खटल्याची प्रत, घोडीच्या खऱ्या मालकाच्या सहीसह.
(२) अर्जदाराचे यजमान, परीक्षक व आपण यांची वंशावळ. तुर्दुबाय आजोबांनी तोंडी सांगितली, बेगायिम बाईंनी इंग्रजीत लिहिली.
(३) सासूबाईंच्या नक्षीचा नमद्याचा तुकडा. फक्त पाहण्यासाठी, विद्यमान करारानुसार तो आपल्याला देता येत नाही, कृपया परत पाठवावा.