गच्चीवरचं आदर्श मत्स्यपालन

३ तारीख, सकाळी ६
समुद्रातल्या पिंजऱ्यांत मासे दाटीवाटीने वाढवतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचून तळ मरतो. वर त्यांना खायला समुद्रातलेच छोटे मासे पकडून भरडतात. छान उद्योग! आजपासून गच्चीवर माझी टाकी. तिलापियाची चाळीस पिल्लं, शाकाहारी खाद्य. घाण पाणी पालकाच्या वाफ्यातून गाळून परत टाकीत. भविष्य हेच. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, मला कोण सांगणार?

५ तारीख
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. म्हणाले, मॅडम, वीस तारखेला कमिटी पाहणी करेल, वास आला तर टाकी हलवावी लागेल. मी म्हटलं, खुशाल या, वह्या घेऊन या, शिकायला मिळेल.

८ तारीख
हवेचा पंप दिवसभर घरघरतो. वीज म्हणजे धूर. पर्यावरणासाठी बंद केला. नदीतल्या माशांना कोण पंप लावतं?

११ तारीख
मासे मला ओळखतात! मी गेले की चाळीसही वर येऊन तोंडं उघडतात. ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, अगं, धापा टाकतायत ते. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांना माया ओळखता आली नाही. खाद्य दुप्पट केलं.

१४ तारीख
पाणी हिरवंगार. जीवसृष्टी बहरतेय. वास किंचित, नैसर्गिक. खालची शेजारीण खिडक्या लावून बसते. सर्दी झाली असावी.

१७ तारीख
दोन मासे गेले. वयोमानाने. (वय तीन महिने.) तीन दिवसांनी पाहणी. भाषण पाठ.

२० तारीख, दुपारी
कमिटी नाकाला रुमाल लावून आली. भारावली असेल. मी अडतीस माशांचं स्वागत दाखवलं. ह्यांनी माझ्या नकळत मत्स्यबीज विकणाऱ्याला बोलावलं होतं. तो वाकून बघत म्हणाला, काकू, स्वागत कसलं, श्वास कोंडलाय बिचाऱ्यांचा! पंप कुणी बंद केला? हे म्हणाले, पर्यावरणाने. सगळे खो खो हसले. सेक्रेटरी तर कठड्याला धरून. पंप चालू. अर्धं पाणी उपसून बागेला. खाद्य दोन दिवस बंद.

२० तारीख, संध्याकाळी ७
ठराव आला. प्रकल्प स्तुत्य, पुढे प्रत्येक इमारतीवर अशी टाकी हवी. माझी टाकी राहणार! देखरेख ह्यांच्याकडे. मला गच्चीवर प्रवेश फक्त कपडे वाळत घालायला, तोही सोबत कुणी असेल तर. एकमताने मंजूर. सूचक म्हणून सही ह्यांची.